कागदी वाघ

आमच्या ऑफिसात दर डिसेंबरला सिक्रेट सँटा होतं. सातशे रुपयांच्या आत काहीतरी घ्यायचं आणि चिठ्ठीत ज्याचं नाव निघेल त्याच्या डेस्कवर गुपचूप ठेवून यायचं. मला आत्तापर्यंत तीन कॉफी मग, एक स्ट्रेस बॉल आणि एक मनी प्लँट (वारला बिचारा) मिळालेत. यावेळी मात्र चक्क पुस्तक आलं. केन लिऊचं 'द पेपर मेनॅजरी अँड अदर स्टोरीज'. आत पहिल्या पानावर पेनाने एकच शब्द लिहिलेला: "रडशील."

देणारा कोण ते अजून कळलेलं नाही. पण त्या एका शब्दाने माझं डोकं फिरलं. अरे, वाचायच्या आधीच रिझल्ट कसला सांगतोस? मी ठरवूनच टाकलं की काय वाट्टेल ते झालं तरी रडायचं नाही. पुस्तकाशी असं भांडण काढून बसल्यावर वाचन निष्पक्ष होत नाही हे मला मान्य आहे. पुढचं सगळं तेवढं गृहीत धरून वाचा.

लेखकाची थोडी ओळख करून देतो, कारण गडी आपल्यातलाच आहे. जन्म १९७६, चीनमधल्या लानझोऊ शहरातला. अकरा वर्षांचा असताना अमेरिकेत गेला. हार्वर्डला शिकला, सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून नोकरी केली, मग परत कायदा शिकून वकील झाला. आणि हे सगळं करता करता गोष्टी लिहिल्या. लिऊ त्सिशिनच्या 'थ्री बॉडी प्रॉब्लेम'चं इंग्रजी भाषांतर याचंच. मी नोकरी करता करता जिमची मेंबरशिप सुद्धा टिकवू शकलेलो नाही. असो.

पुस्तक २०१६ साली आलेलं, आत पंधरा कथा. फँटसी म्हटलं की माझ्या डोक्यात दोनच खाती उघडतात. एक ड्रॅगन आणि तलवारींचं, दुसरं आमच्या गावच्या लायब्ररीतल्या धारप-मतकरींचं, म्हणजे रात्री बाथरूमला जायची चोरी. हे पुस्तक दोन्हीत बसत नाही. सायन्स फिक्शन आणि फँटसी इथे एकाच ताटात वाढलेत. प्रस्तावनेत लेखकच म्हणतो की या दोन्हींतल्या भेदाकडे तो फारसं लक्ष देत नाही, त्याच्या लेखी गोष्ट ही रूपकाच्या तर्कावर चालते. वाचताना मला हे जरा पुस्तकी वाटलं होतं. पण 'स्टेट चेंज' वाचली आणि म्हटलं, अच्छा, असं होय.

'स्टेट चेंज'मध्ये प्रत्येक माणसाचा आत्मा म्हणजे एक वस्तू असते, जन्मासोबत येणारी. रिना नावाच्या मुलीचा आत्मा आहे बर्फाचा खडा. आता करा काय करायचं ते! बाई घरातून ऑफिसला जाणार तर खडा सांभाळून न्यायचा, पोचल्या पोचल्या ऑफिसच्या फ्रिजमध्ये ठेवायचा. लाईट गेली तर? कंप्रेसर बंद पडला तर? सगळं आयुष्य त्या खड्याच्या अपटाईमवर. प्रॉडक्शन सपोर्टमध्ये रात्री काढलेल्या कुठल्याही माणसाला रिना लगेच कळेल. आणि मग ऑफिसात एक मुलगा येतो, त्याचा आत्मा आहे मिठाची डबी. मीठ टाकलं की बर्फाचा वितळणबिंदू खाली येतो हे आपण अकरावी-बारावीत मार्कांसाठी पाठ केलेलं. त्यावर कुणी प्रेमकथा लिहील असं केमिस्ट्रीच्या सरांना स्वप्नातही वाटलं नसेल. ही कथा मला मनापासून आवडली. छोटी आहे आणि स्वतःवर खूश असली तरी फार बडबडत नाही.

'गुड हंटिंग' तर त्याहून भारी. (नेटफ्लिक्सवर 'लव्ह, डेथ अँड रोबॉट्स'मध्ये २०१९ साली तिचा एपिसोड आला होता, कदाचित पाहिला असेल.) लिआंग आणि त्याचे वडील भुतं-खेतं पकडणारे, यान ही रूप बदलून कोल्ही होणारी पोर. इंग्रज येतात, रेल्वेचे रूळ टाकतात आणि जमिनीतली जादू आटत जाते. यानला कोल्ह्याचं रूप घेता येईनासं होतं आणि लिआंगच्या वडिलांचा धंदा बसतो. इथपर्यंतची गोष्ट आपल्या ओळखीची आहे. गिरणी आली आणि हातमाग गेला, तसलीच. पण लिआंग रडत बसत नाही. तो हाँगकाँगला जातो, तिथल्या पीक ट्रामच्या वाफेच्या इंजिनावर काम शिकतो आणि पक्का मेकॅनिक होतो. जुनी जादू गेली ना, मग आता लोखंडाची करू. यानवर मधल्या काळात जे होतं ते भयंकर आहे, इथे सांगत नाही. शेवटी तो तिला वाफेवर धावणारी, चकचकीत धातूची कोल्ही करून देतो. मी ही कथा मध्यरात्री संपवली आणि उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. जुनी सिस्टिम बंद पडल्यावर तिच्या नावाने गळा काढणारे आपल्याकडे पैशाला पासरी. तीच सिस्टिम नवीन मशीनवर पोर्ट करून दाखवणारा एखादाच.

इथवर मी पुस्तकाच्या बाजूने. पण पंधराच्या पंधरा अशा नाहीत. 'द रेग्युलर' ही डिटेक्टिव्ह गोष्ट मला कुठल्याही सिरीयलचा बरा एपिसोड वाटली, त्यापलीकडे नाही. 'ऑल द फ्लेवर्स' आयडाहोच्या सोन्याच्या खाणींवर आलेल्या चिनी मजुरांबद्दल आहे. विषय मोठा, माणसं लोभस, पण लांबी एवढी की मध्ये मी एकदा कणीक मळून आलो. आणि 'द लिटरोमॅन्सर'. हिच्याबद्दल काय बोलावं? १९६१ चं तैवान, एक एकटी अमेरिकन मुलगी आणि चिनी अक्षरं फोडून भविष्य सांगणारा म्हातारा. अक्षर फोडायचं, आतले तुकडे वेगळे करायचे, त्यातून माणसाची गोष्ट सांगायची. ही जादू इतकी सुरेख रंगवलीय की मला देवनागरीवर राग आला, आपलं अक्षर फोडून काय निघणार, काना नि वेलांटी! आणि मग मुलीने निरागसपणे घरी सांगितलेल्या गोष्टींवरून त्या म्हाताऱ्याचा छळ होतो. तो छळ लेखक इतक्या तपशिलात दाखवतो की मला पुस्तक मिटावं लागलं. इतिहासात असं घडलं म्हणून दाखवलं, हे कळतं. पण आधी लळा लावायचा आणि मग त्याच जागी सुरी फिरवायची, हे त्याचं तंत्र एकदा लक्षात आलं की पुढच्या प्रत्येक गोड आजोबांकडे आपण संशयाने बघायला लागतो.

माझी मुख्य तक्रार मात्र वेगळीच आहे. याच्या गोष्टींत कुणीतरी कुणालातरी सारखं समजावून सांगत असतं. हे असं का, तो इतिहास काय, याचा अर्थ काय. हे सगळं बहुधा अमेरिकन वाचकासाठी आहे, त्याला कुठे माहीत असणार म्हणून. मी त्या दोघांच्या बोलण्यात तिसराच. कधीकधी वाटायचं की बाबा रे, कोडमध्ये कॉमेंट्स लिहाव्यात, पण दर ओळीवर नको.

आता ती गोष्ट. पुस्तकाला जिचं नाव दिलंय ती. २०११ साली प्रसिद्ध झाली आणि ह्यूगो, नेब्युला, वर्ल्ड फँटसी असे तिन्ही पुरस्कार तिला मिळाले. एकाच कथेला तिन्ही मिळायची ती पहिलीच वेळ. पानं जेमतेम पंधरा-वीस. मी ती मुद्दाम मागे ठेवली होती.

जॅकचे वडील अमेरिकन, आई चिनी. वडिलांनी तिला एका कॅटलॉगमधून निवडून लग्न करून आणलेलं. तिला इंग्रजी जवळपास येत नाही. पोरगं रडायला लागलं की ती ख्रिसमसच्या भेटवस्तूंचे कागद घेऊन घड्या घालते, त्यात फुंकर मारते आणि तो कागदी वाघ जिवंत होऊन घरभर हुंदडतो. लाओहू त्याचं नाव. पुढे शेजारचा पोरगा स्टार वॉर्सचं खेळणं घेऊन येतो, भांडण होतं, वाघ फाटतो. जॅकला आपलं घर, आपली आई, तिचं जेवण, सगळ्याची लाज वाटायला लागते. तो आईला सांगतो, इंग्रजीत बोल. ती चिनीत बोलली की उत्तरच देत नाही. ती मोडकंतोडकं इंग्रजी बोलून बघते आणि मग हळूहळू बोलणंच कमी करते. कॅन्सर होऊन ती हॉस्पिटलात असते तेव्हा याच्या डोक्यात कॅम्पस प्लेसमेंट. ती जाते. काही वर्षांनी एके दिवशी तो जुना वाघ घड्या उलगडतो आणि आत निघतं आईचं पत्र, चिनीत लिहिलेलं. याला वाचता येत नाही. शहरात जाऊन चिनी टुरिस्ट शोधावे लागतात, त्यांतली एक मुलगी त्याला ते वाचून दाखवते. पत्रात आईचं सगळं आयुष्य. दुष्काळ, अनाथपण, हाँगकाँगमधलं घरकाम, तो कॅटलॉग.

रडलो का? हो. "रडशील" लिहिणारा जिंकला.

आणि रडून झाल्यावर मला सणकून राग आला. कारण नीट बघा तर ही गोष्ट आपल्या अंगणातलीच आहे. मी अमळनेरचा. साने गुरुजी तिथल्या शाळेत शिक्षक होते, त्यामुळे आमच्या गावात 'श्यामची आई' म्हणजे अभ्यासक्रमच. आई आधी जाणार, मुलगा मागाहून शहाणा होणार आणि वाचणारा हुंदके देणार, हे सूत्र आम्ही चौथी-पाचवीत कोळून प्यायलोय. पण श्यामची आई निदान जिवंतपणी बोलते तरी, रागावते, मारतेसुद्धा. जॅकच्या आईला लेखक तोंड देतो ते मेल्यावर. गोष्टभर गप्प ठेवायचं आणि शेवटी दोन-तीन पानांत सगळं एकदम बोलून घ्यायला लावायचं. आणि वाचणाऱ्याचं काय, तर तो रडून मोकळा. आपण रडलो म्हणजे आपण चांगला मुलगा, असा एक फुकटचा दाखला मिळतो. पुस्तक मिटलं, तोंड धुतलं, चहा टाकला.

चहा उकळला तरी राग काही जाईना. तेव्हा कारण शोधायला बसलो. आणि ते फार लांब नव्हतं.

माझ्या आईची भाषा अहिराणी. घरात तीच. मीही तीच बोलत वाढलो, शाळेत गेलो की शाळेची, घरी आलो की घरची. पुण्यात इंजिनिअरिंगला आलो आणि पहिल्या महिन्यात "तुमच्याकडे 'शे' म्हणतात ना, शे?" हे इतक्यांदा ऐकलं की सहा महिन्यांत जीभ इस्त्री करून घेतली. त्यात विशेष काही नाही, सगळेच करतात.

नोकरी लागल्यावर वाकडला तिघांत फ्लॅट घेतला तेव्हा आई पहिल्यांदा राहायला आली. सोबत कळण्याचं पीठ, भरताची वांगी, शेवेचा डबा. दोन्ही रूममेट्सना भरपूर खाऊ घातलं. जेवताना ती आपल्या नेहमीच्या भाषेत त्यांना आग्रह करत होती आणि एक जण हसला. वाईट अर्थाने नसेल. त्याने तिचं वाक्य तिच्याच चालीत परत म्हणून दाखवलं, दुसराही हसला, आणि आई सुद्धा हसली. मी नाही हसलो. मी स्वयंपाकघरात तिच्या मागे गेलो आणि हळू आवाजात म्हणालो, "आई, इथे जरा नीट बोल ना."

त्यांना काही म्हणालो नाही. तिला म्हणालो.

ती "बरं" म्हणाली. आणि तेव्हापासून, म्हणजे गेली चार वर्षं, ती माझ्याशी "नीट" बोलते. फोनवर सुद्धा. "जेवना का?" गेलं, "तुझं जेवण झालं का?" आलं. त्या मराठीत काही चूक नसते, पण ती ते वाचून दाखवल्यासारखं बोलते, आकाशवाणीवर बातम्या देतात तसं. बोलणं आटोपशीर होतं. पूर्वी शेजारच्या म्हशीपासून मावशीच्या सुनेपर्यंत पाऊण तास चालायचं, आता दहा मिनिटांत तब्येत, हवा, जेवण संपतं. मी हे इतकी वर्षं "आईला आता फोनवर कंटाळा येतो" या नावाने फाईल करून ठेवलं होतं.

तर राग या गोष्टीचा होता. लेखकाने सोय करून ठेवलीय. जॅकला पत्र मिळतं. आणि मला वाटतं, जॅकपेक्षा मी जास्त वाईट आहे, कारण त्याला ती भाषा येत नव्हती. मला येते. मला कुणी टुरिस्ट शोधायला नको.

आमच्याच भागातली एक उलटी गोष्ट आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची बोली अहिराणी नव्हे, लेवा गणबोली, पण आमच्या दोघांची भिंतीला भिंत. त्या काम करता करता जे म्हणायच्या ते घरातल्यांनी, मुलगा सोपानदेवांनी, त्या असतानाच कागदावर उतरवून ठेवलं. पुस्तक आलं ते १९५२ मध्ये, त्या गेल्यावर. पण मुलाने कान दिला होता तो आधी. सोपानदेव स्वतः कवी होते, पुस्तकी मराठीत लिहिणारे. त्यांना आईची भाषा कमअस्सल वाटणं किती सोपं होतं!

मी काही सोपानदेव नाही. त्या रविवारी मी फक्त फोन केला आणि अहिराणीत सुरुवात केली. "काय करी ऱ्हायनी?" पलीकडे क्षणभर शांत. मग, "काही नाही रे, भाजी निवडतेय. तू बरा आहेस ना?" मी दोन-तीन वाक्यं आणखी रेटली. माझीच जीभ अडखळत होती, मधेच पुण्याचं क्रियापद यायचं. ती प्रत्येक वेळी शुद्धात उत्तर द्यायची. दोघं एकमेकांच्या कोर्टात उभे राहून खेळत होतो.

शेवटी काही सुचेना म्हणून तिला ती गोष्टच सांगितली. कागदी वाघ, पोरगा, इंग्रजी, पत्र. तिने मध्ये एकदाच विचारलं, "कागदाचा वाघ पाण्यात भिजला तर?" म्हटलं, गोष्टीत तोही विचार आहे. तिथली एक म्हैस ओली होते आणि शार्क मासा करायचा तर तो ती कागदाऐवजी चांदीच्या कागदाचा करते. "हं, मग बाई हुशार होती," आई म्हणाली.

सगळं ऐकून झाल्यावर ती जे बोलली ते मी वाचलेल्या कुठल्याही समीक्षेत नाही.

"तिला माहीत होतं ना, त्याला ते वाचता येत नाही म्हणून?"

"हो."

"मग तिने त्याच भाषेत कशाला लिहिलं?"

मी म्हटलं, दुसरी तिला येतच नव्हती धड.

"नवऱ्याकडून लिहून घेता आलं असतं की. त्याला तर इंग्रजी येत होतं." थोडा वेळ फक्त मेथी खुडल्याचा आवाज. "नाही. तिला सांगायचं होतं, पण त्याने फिरायला पण पाहिजे होतं. एवढी वर्षं ती त्याच्या दारात गेली. आता त्याने चार दारं हिंडावीत."

मी पुस्तक परत उघडून पाहिलं. पत्रात तसं काही नाही, तिथे ती फक्त मायेनेच बोलते. तरी मला आईची आवृत्ती जास्त पटली. तिच्या आवृत्तीतली बाई नुसतीच सोसणारी नाही, थोडी रागावलेली आहे. लेखकाने तिला तेवढा राग दिला असता तर माझी निम्मी तक्रार मिटली असती.

'द मॅन हू एंडेड हिस्टरी' ही शेवटची कथा अजून व्हायचीय. जपान्यांनी युद्धाच्या काळात हार्बिनजवळ युनिट ७३१ मध्ये कैद्यांवर केलेल्या प्रयोगांबद्दल आहे, माहितीपटाच्या रूपात. अर्धी वाचून ठेवलीय, एका बैठकीत झेपत नाही. पुस्तक घ्या का विचाराल तर घ्या, पण 'स्टेट चेंज' आणि 'गुड हंटिंग' आधी वाचा, आणि पहिल्या पानावर कुणी काही लिहून दिलं असेल तर ते पान चिकटवून टाका.

फोन ठेवायच्या आधी मागून बाबांनी काहीतरी विचारलं. आईने बहुतेक फोनवर हात ठेवला, पण नीट ठेवला नाही.

"काही नही," ती त्यांना म्हणाली, "पुस्तकनी गोठ सांगी ऱ्हायना."

आवाज वेगळाच होता, चार वर्षांपूर्वीचा. मग हात काढून मला म्हणाली, "बरं, ठेवते हं. काळजी घे."

पुढच्या रविवारी परत लावणार आहे.